मधल्या फळीच्या वर

बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी, असं समजणाऱ्यांनी तो साडीच्या काउंटरमागून कधी पाहिलेला नसतो. आमच्या वऱ्हाडात लग्न ठरलं की मुलाकडचे आणि मुलीकडचे जीपगाड्या भरून एकाच दुकानात येतात आणि नवरदेवाच्या कोटापासून करवलीच्या रुमालापर्यंत सगळं कापड एका बैठकीत घेतात. दुकानदार चहा पाजतो. आणि साडीच्या गादीवर बसलेल्या बाईनं, म्हणजे मी, तोंडातून ब्र न काढता साड्या उलगडायच्या असतात.

अकोल्याच्या कापड बाजारात मी कित्येक वर्षं हे काम केलं. ती वर्षं कापसानं सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवल्याची होती. गावाकडे पीक बुडालं की बाजारात आमची दुकानं ओस पडायची. बस्ते कमी झाले, बांधून न्यायचं गाठोडं लहान झालं. माणसं मात्र तेवढीच यायची आणि खोडी आधीपेक्षा जास्त काढायची. हातात काही उरलं नाही की माणूस निदान नाक तरी मुरडून घेतो, असं माझं मत झालेलं आहे. पदर भरगच्च असला तर जड, हलका असला तर फडकं. एका बाईनं तर माझ्याकडून ढीगभर साड्या उलगडून घेतल्या आणि म्हणाली, "घेनारी मी नाही वो, ते माही नणंद हाय. ते उद्या येईन."

त्यातलं सर्वांत वाईट म्हणजे मानाच्या साड्या. नवरदेवाची आई, आत्या, काकी, मावशी, मामी यांना मुलीकडच्यांनी साड्या द्यायच्या आणि सगळ्या एकाच तोलाच्या. एकीची चढली की सगळ्यांच्या चढल्या. साडी पसंत करणार मुलाकडच्या बाया, पैशाच्या गाठी सोडणार मुलीकडचे आणि दोघांच्या मध्ये मांडी घालून बसणार मी.

एका दुपारी हिवरखेडकडची एक बाई एकटीच दुकानात आली. अंगणवाडीत मदतनीस होती. साध्या सुती साडीत, हातात कापडी पिशवी. इकडंतिकडं बघून ती माझ्यासमोर बसली.

"बाई, उद्या माह्या पोरीचा बस्ता हाय. पोरीकडचे आमी. तिवस्याचे पाव्हणे येऊन राहिले."

"या ना, मस्त दाखवू," मी म्हटलं.

"तेच सांगाले आली," ती म्हणाली. "मस्त नोका दाखवजा. त्या मधल्या फळीच्या वर भारी माल हाय, तिथं हातच नोका लावजा. पोरीच्या बापाच्यानं हे बोलनं होत नाही, म्हून मी आली. पाव्हण्याइले आमच्यानं नाही म्हनता येत नाही. तुमी म्हना."

मला खरं तर नकारच द्यायचा होता. आमचे शेठ गल्ल्यावर बसून गादीकडं एक डोळा ठेवून असत. आदल्याच महिन्यात एका गिऱ्हाइकानं माझी तक्रार केली होती आणि शेठनी स्पष्ट सांगितलं होतं, "आणखी एक तक्रार आली तं तुमी अस्तराच्या काउंटरले." अस्तराचं काउंटर म्हणजे दुकानाचं अंधारं टोक. तिथं पंखा नाही, बसायला गादी नाही, आणि दिवसभर बाया ब्लाउजचा तुकडा नाचवत "याच रंगाचं द्या" म्हणत उभ्या असतात. साडीच्या गादीवर पोचायला मला फार वर्षं लागली होती. माझे वडील त्याच बाजारात पाठीवर कापडाच्या गाठी वाहायचे. त्यांच्या लेकीनं गादीवर बसून साडी उलगडणं ही आमच्या घरात साधी गोष्ट नव्हती.

पण ती बाई अशी बघत होती की माझ्या तोंडून "बरं" निघून गेलं. माझं तोंड मला नेहमीच नडत आलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी पाव्हणे आले. नवरदेवाची आत्या गादीच्या मधोमध बसली आणि बाकीच्या बायांनी तिच्या तोंडाकडं बघायला सुरुवात केली. मी पहिली साडी काढली ती जांभळी, बारीक काठाची.

"हे काय काढलं वं?" आत्या म्हणाली. "असं तं आमी भांडेवालीले देतो."

मी दुसरी काढली, तिसरी काढली, मधल्या फळीपर्यंतचा सगळा माल तिच्यापुढं ओतला. आत्याची नजर वरच्या फळीवर गेली. तिथं एका मोरपंखी साडीचा जरीकाठ बाहेर आला होता. घडी नीट आत सारायची मी विसरले होते.

"ते वरचं काढ."

"ते बुकिंगचं हाय आत्याबाई."

"मंग त्याच्या बाजूचं?"

"ते डागी हाय."

"आनं त्याच्या खालचं?"

"ते बी बुकिंगचं."

"आं? बुकिंगचा माल डागी मालात ठेवता काय तुमी?" आत्याचा आवाज चढला. ती हळूच मुलीच्या आईकडं वळली. "का वो विहीनबाई, काही सांगूनगिंगून ठेवलं काय या बाईले?"

मुलीचा बाप चहाच्या कपात बघत बसला. मला वाटलं, आता ही बाई रडणार आणि सगळं उघडं पडणार.

ती रडली नाही. ती गुडघ्यावर उठली आणि माझ्यावर बरसली.

"कावून दाखवत नाही वो तुमी? पाव्हण्याइले माल दाखवाले जीवावर येऊन राहिलं काय? तुमच्या बापाचं दुकान हाय काय हे?"

त्या गादीवर मी पुष्कळ ऐकलं होतं. पण हे ऐकून माझे कान तापले. जिच्यासाठी मी खोटं बोलत होते, तीच मला बापावरून बोलत होती आणि मला उलट बोलायची सोय नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

शेठ गल्ल्यावरून उठून आले. "दाखवाले काय पैसे लागतात काय बाई?" असं सगळ्यांसमोर मला म्हणाले, स्टुलावर चढले आणि ती मोरपंखी साडी स्वतः काढून आत्यापुढं पसरली.

आत्यानं ती हातात घेतली, ट्यूबलाइटखाली धरली, खांद्यावर टाकून आरशात पाहिली.

"हेच काय?" ती म्हणाली. "याच्यासाठी एवढा तमाशा? सतरंजी पांघरल्यावानी दिसते. ते मंगाचं जांभळं कुठं गेलं?"

सगळ्यांनी तशाच जांभळ्या घेतल्या. शेठनी गाठोड्याला कुंकू लावलं, नारळ दिला, मंडळी जीपमध्ये बसली. मुलीच्या आईनं जाताना माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. दुकान बंद व्हायच्या आधी शेठनी मला अस्तराचं काउंटर दाखवलं.

मला आत्याचा राग आला नाही, आत्या काय, आत्यासारखीच वागली. राग आला तो हिवरखेडच्या त्या बाईचा. महिनोन्‌महिने, अस्तराचं कापड फाडताना, मी मनातल्या मनात तिला उत्तरं दिली. घरी वड्याचं तेल वांग्यावर निघायचं आणि नवरा बिचारा भाजीत मीठ कमी आहे असं म्हणायलाही घाबरायचा. कुणाचं भलं करायला जाऊ नये, हे मी पक्कं ठरवलं होतं.

पुढच्या लग्नसराईत एक अनोळखी बाई माझ्या अंधाऱ्या टोकाशी आली. मला वाटलं, अस्तर पाहिजे असेल.

"मधल्या फळीच्या वर हात न लावनाऱ्या बाई तुमीच काय?" तिनं विचारलं.

"तुमाले कोनं सांगतलं?" मी विचारलं.

"हिवरखेडवालीनं सांगतलं. म्हने, त्या बाईनं निभवलं म्हून माह्या पोरीचं लग्न निभलं. आमचा बी उद्या बस्ता हाय."

मी म्हटलं, आता मी साडीवर नसते. ती सरळ शेठकडं गेली आणि म्हणाली, साडीवर ह्याच बाई पाहिजेत, नाहीतर आम्ही दुसरं दुकान बघतो. बस्ते दुर्मीळ झालेले. शेठनी मान हलवून मला गादी दाखवली. मी चढून बसले, पण मला आनंद झाला असं कुणी समजू नये. आता जन्मभर हेच करावं लागणार, हे मला तिथंच दिसलं.

ती बाई माझ्याजवळ वाकली. "एक सांगाचं राहिलं. उद्या पाव्हण्याइच्या समोर मी तुमाले दोन शब्द बोलीन. राग नोका मानजा. हिवरखेडवाली म्हने, बोलाच लागते, नाही तं त्याइले समजून जाते."

म्हणजे हिवरखेडवाली चिडली नव्हती. माझी थाप फुटतेय हे तिनं तिथल्या तिथं ओळखलं होतं आणि मला शिव्या घालून ती सावरून घेतली होती. आणि एवढी गोष्ट त्या बाईनं मला जाताना डोळ्यांनी तरी सांगायला काय हरकत होती! मी किती रात्री तळमळून काढल्या, त्याचा हिशेब कुणी द्यायचा?

"बोला," मी म्हटलं. "काय बोलाचं ते बोला. फक्त बापावर नोका जाजा."

"छे वो, बापावर कावून जाईन?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मुलाकडच्यांनी वरच्या फळीकडं बोट दाखवलं आणि ती पहिल्याच वाक्यात माझ्या बापावर गेली. मी मान खाली घातली आणि पुढची साडी उलगडली.