उंबरठ्याआतला प्रश्न

म्हात्रेबाईंनी तयार केलेला कुठलाही प्रश्न लोकांपर्यंत जायच्या आधी आमच्यावर तपासला जायचा. ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या एका जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर आमच्या संस्थेचं ऑफिस होतं. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून मी नुकतीच तिथे लागले होते. पहिल्याच दिवशी बाईंनी मला समोर बसवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "आपल्या जगण्याला काही अर्थ आहे असं तुला वाटतं का? कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, की नेहमी?"

"बऱ्याचदा," मी पटकन म्हटलं.

"खरं सांग."

शेजारच्या टेबलावरचा कीबोर्डचा आवाज थांबला. "कधीकधी," मी म्हणाले आणि का कोण जाणे, डोळे भरून आले.

"हां. आता तू हा प्रश्न दुसऱ्याच्या घरी न्यायला तयार झालीस," बाई म्हणाल्या आणि त्यांनी चहा मागवला.

बाई डोंबिवलीलगतच्या एका आगरी गावातल्या. ते गाव आता टॉवरांच्या मध्ये चार गल्ल्यांपुरतं उरलं आहे. भावांनी जमिनी विकून बंगले बांधले. बाईंनी मानसशास्त्रात पीएच.डी. केली, लग्न केलं नाही, कॉलेजात शिकवून निवृत्त झाल्या आणि आमच्याकडे आल्या. ऑफिसात त्यांचं मराठी अगदी पुस्तकी. पण भावाचा फोन आला की "मना नाय जमनार, तुमीच बगा" असं जोरात ऐकू यायचं, आणि आम्ही हसू दाबायचो.

आमचं काम लोकांचं मानसिक स्वास्थ्य मोजण्याचं. इंग्रजीतून आलेल्या प्रश्नावलीत एक वाक्य होतं: 'मी भविष्याबद्दल आशावादी आहे.' बाईंनी त्यावर सरळ काट मारली. "भविष्य म्हटलं की आपली माणसं हात पुढे करतात, रेषा बघायला," म्हणाल्या. त्याऐवजी त्यांनी लिहिलं, 'पुढचे दिवस बरे जातील असं वाटतं का?' मधूनमधून त्या उलटे प्रश्न पेरायच्या. "सगळं एकाच बाजूने विचारलं की माणूस नुसती मान डोलवत जातो. उलटा प्रश्न आला की मान थांबते." असाच एक उलटा प्रश्न होता: 'गेल्या काही दिवसांत जगणं नकोसं वाटलं का?' इतर प्रश्नांना 'नेहमी' म्हणणाऱ्याला पाच गुण, पण इथे 'कधीच नाही'ला पाच आणि 'नेहमी'ला एक. ही उलटापालट संगणकावर करायचं काम माझं. कुणी उत्तर दिलं नाही तर मी तिथे सवयीने शून्य भरायचे. एकदा बाईंनी माझा हात धरला. "शून्य नको लिहूस. गप्प बसलेल्या माणसाकडे काही नाही असं नसतं गं. त्याचा आकडा वेगळा ठेव."

आणि त्यांचं नेहमीचं वाक्य: "उंबरठ्यावरून विचारायचं नाही. आत जायचं, बसायचं, पाणी प्यायचं, मग विचारायचं."

दोन वर्षांपूर्वी संस्थेला एक मोठं काम मिळालं. खाडीकाठची घरं रस्त्यासाठी पाडली होती आणि तिथल्या कुटुंबांना कल्याणच्या पार बाहेर, उंच इमारतींत घरं दिली होती. त्या लोकांचं मन कसं आहे ते दोनदा मोजायचं होतं: एकदा आल्या आल्या, एकदा वर्षभराने. मधल्या काळात संस्था तिथे योगवर्ग आणि बायकांचे गट चालवणार होती. मन सुधारलं, असं आकड्यांत दिसलं तर पुढचं काम मिळणार होतं.

जनार्दनकाका तिथेच भेटले. साठी ओलांडलेले, खाडीत मासेमारी करून जगलेले. होडी विकून टाकलेली. सहाव्या मजल्यावर बायकोबरोबर, हिराबाईंबरोबर राहायचे. बाईंनी त्यांच्या बोलीत गप्पा सुरू केल्या तेव्हा ते खुलले. कोलंबी कशी लागायची, वारा कसा ओळखायचा, सगळं सांगितलं. मग तो उलटा प्रश्न आला.

"रोज वाटतंय गो बाय," काका म्हणाले. चहात साखर किती, हे सांगावं तसे. "सकाली उठला का वाटतंय. आथा काय करायचा उठून?"

हिराबाई ओट्याशी उभ्या होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनीही हे पहिल्यांदाच ऐकलं असावं.

बाईंनी कागद मिटून पिशवीत ठेवला. बाकीचे प्रश्न त्या दिवशी विचारलेच नाहीत; ते नंतरच्या भेटीत भरून घेतले.

दुसऱ्या दिवशी त्या संचालकांच्या केबिनमध्ये गेल्या. काचेपलीकडून आवाज येत होता. "आपण मोजायला गेलोय मॅडम, उपचार करायला नाही. आणि कुणी काय सांगितलं ते गुप्त ठेवायचं असतं, हे तुम्हीच मुलांना शिकवता." बाई म्हणाल्या, "गुप्त ठेवायचं असतं, टाकून द्यायचं नसतं." बाहेर आल्या आणि ओळखीच्या समुपदेशक मुलीला फोन लावला. ती एकदा गेली. इतक्या लांब पुन्हा जाणं तिला जमलं नाही. सरकारी दवाखान्यात काकांना घेऊन बाई स्वतः गेल्या. गोळ्या मिळाल्या. काकांनी त्या काही दिवस घेतल्या.

मग बाई दर शनिवारी तिकडे जायला लागल्या. गुडघे दुखायचे, लिफ्ट बंद असायची, तरी सहा मजले चढायच्या. मी कधीकधी बरोबर असायचे. काका त्यांची वाट बघत दारात खुर्ची टाकून बसायचे. "आली माजी मास्तरीन," म्हणायचे. हळूहळू त्यांनी दाढी करायला सुरुवात केली. एकदा मला चिडवलंसुद्धा, "हिला पोवता येत नाय आन् खाडीची माहिती लिवते."

वर्षाने दुसरी फेरी झाली. जगणं नकोसं वाटलं का? "कधीच नाय," काका हसून म्हणाले. पुढचे दिवस बरे जातील? "जातील की." सगळी उत्तरं तशीच. परतताना रिक्षात बाई माझा हात घट्ट धरून बसल्या होत्या. बाईंना इतकं मोकळं हसताना मी तेव्हा एकदाच पाहिलं.

त्यानंतर महिन्याच्या आत काकांनी स्वतःचं आयुष्य संपवलं.

आम्ही गेलो तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. बाई हिराबाईंसमोर जमिनीवर बसल्या. मग हिराबाई म्हणाल्या, "मना बोलले व्हते. ती बाय एवढ्या लांबशी येते, गुरघं दुखतात तिचं. तिना बरा वाटाला पायजे. म्हनून तुमाला तसा सांगितला."

जिना उतरताना बाई एवढंच म्हणाल्या, "मी आत जाऊन बसले, म्हणून त्यांना खोटं बोलावं लागलं. उंबरठ्यावरून विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं."

"बाई, असं नसतं," मी म्हटलं.

"तुला काय माहीत कसं असतं?" त्या माझ्यावर पहिल्यांदाच ओरडल्या.

अहवाल तयार करताना मी विचारलं, काकांच्या उत्तरांची ओळ आकडेवारीतून काढू का? संचालकांचं म्हणणं होतं, दोन्ही फेऱ्या पूर्ण झाल्यात, माहिती वैध आहे. गणिताच्या नियमाने त्यांचं बरोबर होतं. एकपासून पाचपर्यंत गेलेल्या त्या उत्तराने संपूर्ण वसाहतीची सरासरी किंचित वर उचलली होती. बाई म्हणाल्या, "काढू नकोस. माणूस काढून टाकल्यासारखं होईल. पण त्याला सुधारणा म्हणू नका."

अहवालात सुधारणा असंच छापलं. बाईंनी आपलं नाव काढून घेतलं आणि राजीनामा दिला.

पुढचं काम संस्थेला मिळालं. मी बाईंच्या घरी गेले. नवीन मुलांना शिकवायला या, असं म्हणायला. त्या खिडकीशी बसल्या होत्या. केस विंचरलेले नव्हते. "प्रश्न चांगले आहेत. तूच शिकव," म्हणाल्या. मी आग्रह केला तेव्हा मान हलवली. "नको गं. आता कुणी बरं आहे म्हटलं की मला भीती वाटते." हिराबाईंकडे गेला होतात का, असं विचारलं. "कुठल्या तोंडाने जाऊ?" एवढंच म्हणाल्या. भाऊ डॉक्टरकडे नेतो म्हणत होता, त्या जात नव्हत्या. खाणं तुटलं होतं.

या दिवाळीनंतर बाई गेल्या. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

दहाव्याला हिराबाई आल्या होत्या. कुणाकडून कळलं कोण जाणे. एकट्या, पत्ता विचारत विचारत आल्या होत्या. भावाच्या बंगल्याच्या ओसरीत एका कोपऱ्यात बसल्या. मी पाणी नेऊन दिलं. ते हातात धरून त्यांनी विचारलं, "बाय मंग आलीच नाय आमचे घरी. का गो?"

मी सांगितलं. काका गेले ते आपल्यामुळे, असं बाईंना वाटत होतं. तुम्ही त्या दिवशी बोललात, ते त्यांनी मनाला लावून घेतलं होतं.

हिराबाईंनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "मी राग धरून नव्हतं बोललं," त्या म्हणाल्या. "तिचेमुले ते वरीसभर तरी ऱ्हायले. शनिवारची वाट बगायचे. नाय तर कवाच गेले असते. मी तर तिची वाट बगत व्हते. तिना कोनी हे सांगितला नाय?"

कुणी सांगितलं नव्हतं. सहाव्या मजल्यावर जाऊन हिराबाईंना कुणी विचारलंच नव्हतं.