साक्षीतली कारभारीण

राजधानीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात मी दुपारी जेवायला जातो. तिथं एकदा माझं मराठी ऐकून शेजारच्या आजींनी कोर्टाची फाइल पुढे केली. वारलेल्या नवऱ्यानं तालुक्याच्या कोर्टात दिलेली साक्ष होती. सुप्रीम कोर्टासाठी तिचं इंग्रजी केलेलं.

“काय बोलले, तेवढं वाचून दाखवा.”

मी मराठी करत वाचू लागलो, “त्या वेळी माझी पत्नी घरीच होती...”

आजी पदरानं कोरडंच टेबल पुसत राहिल्या. “पत्नी? जन्मात नाही म्हणाले. कारभारीण म्हणायचे.”

कागदावर ‘वाइफ’ होतं; भाषांतर तसं चोख होतं. खटल्याचं त्यांनी काहीच विचारलं नाही. फाइल पुन्हा माझ्याकडे सरकवली.

“परत वाचा. कारभारीण म्हणा.”