लेखरामभाऊंचा डबा रिकामा कसा यायचा

लेखरामभाऊ गेल्याची बातमी आमच्या खाण्यापिण्याच्या ग्रुपवर आली आणि तिच्या खाली सगळ्यात पहिली दाद पडली ती माझी. जीभ बाहेर काढून ओठ चाटणारं पिवळं तोंड. झालं असं, की त्या सकाळी ग्रुपवर हिवाळ्यातल्या पिकनिकचं ठरत होतं. प्रत्येकानं घरून एक पदार्थ करून आणायचा, आमच्या गोंदियाकडच्या प्रतापगडच्या पायथ्याशी सतरंज्या टाकायच्या आणि सगळ्यांनी सगळ्यांचं खायचं, हा आमचा दरवर्षीचा रिवाज. कोणीतरी भरल्या वांग्यांचा फोटो टाकला होता. मी घराजवळ, कुडव्याच्या चौकात गाडी थांबवून, चष्मा न लावता, त्या वांग्यांना दाद दिली. तेवढ्यात लेखरामभाऊंच्याच नंबरवरून त्यांच्या पुतण्यानं मरणाची बातमी टाकलेली होती. दाद वांग्यांची, पडली मरणाखाली. ती पुसता येते हे मला माहीत होतं, कशी ते माहीत नव्हतं. मी ते शोधेपर्यंत माझं पाहून आणखी दोघांनी तसंच तोंड टाकलं. वर काय लिहिलं आहे ते वाचायची त्यांनाही गरज वाटली नसावी. स्वतःची लाज वाटली ती वाटलीच, पण माझ्यासारखे आणखी निघाले याची शिसारी जास्त आली.

लेखरामभाऊ माझे साडू. माझी बायको रेखा आणि त्यांची बायको देवकाताई या सख्ख्या बहिणी. आमच्या गोंदियाजवळच्या गोरेगावच्या पुढं, डांबरी रस्त्यापासून आत त्यांचं गाव, घरची धानाची शेती आणि गावातच खत-बियाण्याचं छोटं दुकान. धानाच्या मळणीवर उभे असतानाच छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. अंगानं आडवे, आवाजानं मोठे, आणि खाण्याच्या बाबतीत इतके चोखंदळ की माझ्या लग्नात पहिल्या पंगतीला बसून त्यांनी आचाऱ्याला बोलावून घेतलं होतं. वरणात हिंग जुना आहे, एवढंच सांगायला. त्यांना ग्रुपमध्ये मीच घेतलं. गोंदियातले खवय्ये आणि हा खरा खाणारा माणूस यांची भेट घडवून आपण मोठं काम करतो आहोत, असं तेव्हा मला वाटलं होतं... माणसाला काय काय वाटतं.

तेरवीला ग्रुपमधले बरेच जण आले. मला बरं वाटलं. दुपारी ग्रुप उघडला तर पंगतीतल्या पत्रावळीचा फोटो. खाली कोणी लिहिलं होतं, बुंदी छान मोकळी होती. कोणी लिहिलं, वरण थोडं पातळ, पण एकूण मस्त. एकानं तर विचारलं होतं, आचारी कोण होता, नंबर मिळेल का. घरात देवकाताई भिंतीला टेकून बसलेल्या, आणि बाहेर हे मेल्या माणसाच्या ताटाला गुण देत बसलेले. संध्याकाळी पिंकीभाभींचा संदेश आला. त्या ग्रुपच्या चालक, आणि ग्रुपमधलं पनीर हे बहुतेक त्यांच्या घरून येतं. या वर्षीची पिकनिक भैयाजींच्या, म्हणजे लेखरामभाऊंच्या, आठवणीत करायची, त्यांच्या फोटोचा बॅनर लावायचा, आणि सगळी व्यवस्था मनोहरभाऊंनी पाहायची, असं त्यांनी जाहीर केलं होतं. खाली हात जोडलेले होते आणि हातांच्या बाजूला एक केक. मनोहरभाऊ म्हणजे मी. ग्रुप सोडून द्यायचं मी त्याच मिनिटाला ठरवलं. पण सोडला नाही. का, ते सांगायला मागं जावं लागेल.

पहिल्या वर्षी देवकाताईंनी लाखोळीचे वडे पाठवले होते. आमच्याकडं लाखोळीची डाळ शेताशेतात होते आणि घराघरात शिजते. ताई ती भिजवून पाट्यावर भरड वाटतात, लसूण, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर घालतात आणि जवसाच्या तेलात तळतात. वास येतो. नाही म्हणायची सोय नाही. खरं सांगतो, मलासुद्धा तो वास सोसत नाही, सासुरवाडीला मी नेहमी पोट बिघडल्याचं सांगून सुटलो आहे. प्रतापगडला भाऊंनी डबा उघडला तशी आजूबाजूची माणसं जराशी मागं सरकली. पिंकीभाभी म्हणाल्या, "लाखोली से तो पैर चले जाते हैं, भैयाजी." बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब आहेत, पाय लुळे पडतात म्हणून या डाळीवर पूर्वी बंदी होती, याची त्यांनी आठवण करून दिली. बोलताना त्यांच्या हातात नूडल्सची बशी होती. घरचं आणा, आपल्या मातीतलं आणा, असं ग्रुपच्या माथ्यावरच लिहिलेलं आहे. त्या मातीतलं समोर आलं तर कोणी बोट लावलं नाही. भाऊ हसत होते. सगळ्यांचं सगळं खाऊन त्यांनी डबा बंद केला.

परतताना कोहमाऱ्याला त्यांनी गाडी थांबवायला लावली. ढाब्यांच्या जरा पलीकडं, ट्रका उभ्या असतात तिथं. डबा काढला आणि उभ्या उभ्या एकेक वडा खायला लागले. पोटात आधीच सगळ्या ग्रुपचं जेवण होतं. घाम आला, डोळ्यांत पाणी आलं, एकदा तर घशाशी आल्यासारखं होऊन ते ट्रकच्या चाकाला धरून उभे राहिले, तरी हात डब्यात. मला पाहवत नव्हतं. एवढा चवीनं खाणारा माणूस, आणि ढोरानं कडबा ओढावा तसा खात होता. मी पाण्याची बाटली धरून उभा. म्हटलं, भाऊ, ट्रकवाल्यांना देऊन टाका ना, आवडीनं खातील. ते म्हणाले, "त्यायले देलं तं चव कशी होती ते मले कसं समजन? घरी जाऊन काय सांगाचं?"

घरी गेल्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी तिथंच ओसरीवर बसून ऐकलं. बँकवाले साहेब म्हणत होते, वडा वरून कुरकुरीत अन् आत ओलसर, असा हात गोंदियात नाही. पिंकीभाभी म्हणाल्या, याच्यासंग दही नोको, भेदराचीच चटणी पाहिजे; भेदर म्हणजे टोमॅटो. देवकाताई रिकामा डबा मांडीवर घेऊन ऐकत होत्या आणि मधेच एखादा खोचक प्रश्न विचारत होत्या, लसूण जास्त तर नाही झाला म्हणे? भाऊ विचार करून म्हणाले, एकजण म्हणे थोडा झाला, पण तोही मागून मागून खात होता. बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, एवढं खोटं कसं सुचतं तुम्हाला? तर उलट मलाच रागावले. "खोटं कायले? खाल्लं मीनं, चव मीनं पाहली. नाव खाली दुसऱ्याचं लावलं." मग हे सगळं तुम्हीच त्यांना तोंडावर का सांगत नाही, असं विचारल्यावर या आडव्या अंगाच्या माणसाचा चेहरा लग्नातल्या नवरदेवासारखा झाला. म्हणाले, "घरच्या बाईले तोंडावर असं कोनी सांगते का बे?"

त्यानंतर दर वर्षी हेच. देवकाताईंना कधी येता आलं नाही. सासू अंथरुणाला खिळलेली, गोठ्यात म्हशी. डबा जायचा, रिकामा यायचा, आणि आपण कधी न पाहिलेली ही शहरातली माणसं ताईंना त्यांच्या भुकेवरून ओळखीची झाली होती. मी ग्रुपमध्ये टिकलो तो भाऊंसाठी. नाहीतर त्या पंगतीचा मला केव्हाच वीट आला होता. ताटात घ्यायचं डोंगराएवढं, फोटो काढायचा, दोन घास खायचे आणि बाकीचं झुडपात. वर पुन्हा अन्न हे पूर्णब्रह्म.

त्यांच्या सासूबाई गेल्यावर देवकाताई मोकळ्या झाल्या, आणि या वर्षी मीही येतो म्हणाल्या. आमच्याकडं बायकाही मी येतो असंच म्हणतात. आमच्या शेवटच्या भेटीत लेखरामभाऊ याच काळजीत होते. दुकानात पोत्यावर बसून म्हणाले, "हे येऊन राहिली मनोहर. तिच्या डोळ्यांदेखत डबा तसाच राहीन. काय करू सांग." मी काहीतरी थट्टा केली. पुढच्या आठवड्यात ते गेले. बातमी कळल्यावर माझ्या मनात आलं, सुटला माणूस... असं मनात येतं, काय करणार.

पण ताईंचा बेत बदलला नाही. तेरवी होऊन थोडे दिवस झाले आणि त्यांनी मला बोलावून घेतलं. पिकनिक कधी आहे ते विचारलं. त्यांच्या दिरानं आवाज चढवला, वर्षाच्या आत बाई माणूस पिकनिकला जाते काय, लोक काय म्हणतील. ताई त्याच्याकडं न पाहता मला म्हणाल्या, "मले त्या लोकायले एक डाव पाहाचं आहे. तेरवीले कोनी दिसलंच नाही मले. इतके वर्स माह्या हातचं खाल्लं त्यायनं. यायच्या मागं कोनी तरी जाऊन भेटलं पाहिजे ना." यायच्या म्हणजे भाऊंच्या. हो म्हणून आलो, आणि भाऊंची काळजी माझ्या डोक्यावर घेऊन आलो.

मी फोन लावले. प्रत्येकाला हात जोडून सांगितलं, त्या बाईचं मन राखा, दोन वडे खा, काही बोलू नका. पिंकीभाभींनी हाँ हाँ, बिलकुल म्हणून लगेच, बॅनरवर भैयाजींचा फोटो डावीकडं घ्यावा की उजवीकडं, ते विचारलं. बँकवाले साहेब म्हणाले, तोंडात टाकीन, गिळीनच असं नाही. चेष्टेत म्हणाले असतील, असं मी समजलो.

त्या दिवशी देवकाताई पांढऱ्या सुताच्या लुगड्यात, डबा मांडीवर घेऊन गाडीत बसल्या. रेखा शेजारी. प्रतापगडला मोहाच्या झाडांना बॅनर बांधलेला होता, त्यात लेखरामभाऊ आणि त्यांच्या खांद्याजवळ तळलेल्या कोंबडीचं चित्र. ताईंनी ते पाहिलं, पदर सावरला आणि डबा उघडून एकेकाजवळ जायला लागल्या. पिंकीभाभींच्या ताटात दोन वडे ठेवून म्हणाल्या, "दही नोको ना तुमाले? भेदराची चटणी आनली आहे. तुमीच म्हटलं होतं." पिंकीभाभींनी माझ्याकडं पाहिलं. जी, हाँ, असं काहीतरी त्या बोलल्या. साहेबांना ताईंनी विचारलं, आत ओलसर राहिला का, तुमाले तसा लागते. साहेब म्हणाले, व्हेरी नाइस. मी सतरंजीच्या कडेला उभा राहून ऐकत होतो. लेखरामभाऊंचा एकेक शब्द ती बाई त्या अनोळखी ताटांमध्ये वाढत फिरत होती... आणि वाढता वाढता तिचा चेहरा उजळत होता. भाऊ गेल्यापासून तिला असं मी पाहिलं नव्हतं.

पाण्याचा कॅन आणायला मी गाड्यांमागं गेलो. तिथं वडे पडले होते. काही अख्खे, काही एक दात लावून थुंकलेले, पनीरच्या लाल रश्श्यात आणि हातपुसण्या कागदांत लडबडलेले. एकावर नूडल्स. मुंगळे लागले होते आणि एक कुत्रं वास घेऊन निघून गेलं होतं. तेवढ्यात ताईंचा आवाज आला, मनोहरभाऊ, तुमी नाही घेतला अजून. आवाज गाड्यांच्या दिशेनं येत होता. मी खाली बसलो आणि दोन्ही हातांनी ते सगळं गोळा केलं. दुसऱ्यांनी चावलेलं, ओलं, चिकट. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून पिशवी सीटखाली सारली. इतकी किळस मला जन्मात कशाची आली नाही, आणि ती त्या उष्ट्याची होती असं मी अजूनही म्हणू शकत नाही. हात धुतले आणि ताईंसमोर जाऊन बसलो. डब्यात बरेच वडे उरले होते. त्या म्हणाल्या, पहिल्यापेक्षा कमी खाऊन राहिले लोक. मी म्हटलं, माझ्यासाठी ठेवले आहेत त्यांनी, मीच सांगितलं होतं. आणि खायला लागलो. जवसाच्या तेलाचा वास नाकात गेला. गिळला. दुसरा घेतला. वरून कुरकुरीत होता, आत ओलसर. हे खरं होतं. पण खरं असून पोटात जागा होत नाही. ताई समोर बसून पाहत होत्या, म्हणून डबा संपेपर्यंत हात थांबवता आला नाही.

परतताना कोहमारा मागं पडल्यावर देवकाताई एवढंच म्हणाल्या, "लोकं चांगले आहेत. समोर काही बोलत नाहीत बस. यायच्याजवळच बोलत असतीन."

ताईंना सोडून आम्ही कुडव्याला आलो आणि मी सरळ मोरीकडं धावलो. रेखानं पाठ चोळली, ओवा आणि काळं मीठ दिलं, खुर्चीत बसवलं. मग मी तिला सगळं सांगितलं. ट्रकच्या चाकाला धरून उभे असलेले भाऊ, दुसऱ्यांच्या नावानं सांगितलेली चव, सीटखालची पिशवी. तिच्या भाऊजींबद्दलची ही गोष्ट इतकी वर्षं मी तिच्यापासून लपवली म्हणून ती चिडेल, असं वाटलं होतं. ग्रुप आता सोडतो, असंही मी म्हणालो. तिनं माझ्या हातातला पेला काढून घेतला आणि विसळून पालथा घातला.

मग म्हणाली, "ग्रुपचं काय करायचं ते करा. पण माझ्या हातच्या भाजीला आजवर कोण काय म्हणालं, ते मलाही कधी सांगा. दुसऱ्याचं नाव लावलं तरी चालेल."