कपटा, फ्लीस आणि कांदा

"ते फ्लीसचं जॅकेट घालून जाऊ नकोस," बायको सकाळीच म्हणाली होती. "काल लेकीला जवळ घेतलंस, तर केवढा शॉक बसला तिला!" पण इंग्लंडमधल्या आमच्या ब्रॅकनेलला थंडी अशी होती, की मी स्थिर विजेचं विज्ञान बाजूला ठेवून उबेला कौल दिला. वर ट्रेनमध्ये चिवडा खाल्ला. या दोन्ही गोष्टी लक्षात असू द्या.

माझं काम तांबड्या समुद्री शेवाळांच्या जाती ओळखण्याचं. इथल्या किनाऱ्यावरच्या एका शेवाळाला सगळे पिढ्यान्‌पिढ्या एकाच नावाने ओळखत होते. आम्ही डीएनए तपासला, तर त्या नावाखाली दोन जाती निघाल्या. दिसायला जुळ्या बहिणी, आतून परक्या. मग जुनं नाव कोणाचं? नियम असा, की ज्या नमुन्यावरून ते ठेवलं, तो ज्या जातीचा निघेल तिचं. तो नमुना एका संग्रहालयात, कागदावर चिकटवलेला, जेमतेम बोटभर. पुष्कळ विनवण्यांनंतर परवानगी मिळाली: तांदळाच्या दाण्याएवढा कपटा, एकदाच. पुन्हा मागायचा नाही.

खोलीत मी आणि तो संग्रह सांभाळणाऱ्या वयस्क बाई. मी कपटा कापला, चिमट्यात धरला आणि नळीकडे नेताना फ्लीसची बाही जरा जवळ आली. टिच्च! चिमटा रिकामा.

"उडाला," मी म्हणालो.

बाईंनी आधी हीटरचा पंखा बंद केला, मग दार. मग हळू आवाजात म्हणाल्या, "हलू नका. श्वाससुद्धा बेताने."

माझा एक पाय उचललेला होता. टेकवला आणि नेमका बुटाखाली असला तर? म्हणून तो तसाच अधांतरी. थंडीला घाबरून फ्लीस घातलेला माणूस आता घामाने निथळत होता. आमच्या अख्ख्या प्रयोगशाळेचं काम त्या कपट्यावर टांगलेलं, आणि ते मी उडवून लावलं होतं.

बाई टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरल्या. बाहेर आल्या, तेव्हा उजेड माझ्यावर पडला. "तुमच्या छातीवर काहीतरी आहे. आणि बाहीवरही."

दोन कपटे. दोन्ही तांबूस, पातळ, कडेला वळलेले.

"आमचा कुठला?"

शेवाळं ओळखण्यावर ज्याचं पोट चालतं, त्या मला सांगता येईना. "एक बहुतेक," मी म्हणालो, "तळलेला कांदा आहे."

"कांदा."

"चिवड्यातला."

"संग्रहालयात कांदा आणलात?"

"मुद्दाम नाही हो."

सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्या कपट्याला पाण्याचा थेंब लावला. भोवती तेलाचं कडं उमटलं. कांदा! बाहीवरच्याला लावला. काहीच होईना. तेव्हा मनात आलं, दोन्ही कांदेच असले तर? भिंग धूसर झालं, माझाच श्वास. पुसून पुन्हा डोळा लावला. एक कड हलली. कपटा सावकाश उलगडत गुलाबी होत गेला आणि त्यात शेवाळाच्या पेशी दिसू लागल्या. मी पाय टेकवला. म्हणजे बहुधा आधीच टेकवला असावा. मला पत्ता नव्हता.

तरीही डीएनएचा निकाल येईपर्यंत झोप उडालीच. वर बायको: "कांदा निघाला तर काय करशील? पाककृतींच्या मासिकाकडे पाठवशील?"

निकाल शेवाळाचाच आला. दोन बहिणींपैकी एकीशी तंतोतंत जुळला आणि नावाचा वाद मिटला.

आभार मानायला मी बाईंना फोन केला. सहज विचारलं, "आणि तो कांदा?"

"आहे ना. पुडीत घालून नमुन्याशेजारी ठेवलाय. या टेबलावर सापडलेलं आम्ही काही टाकत नाही."

"पुडीवर काही लिहिलंय?"

"अर्थात. तुमचं नाव."

तेव्हापासून कोणी तरुण संशोधक तो नमुना पाहायची परवानगी मागतोय असं कानावर आलं, की मी आधी बाईंना फोन करून ती पुडी बाजूला ठेवायची विनवणी करतो.