चिंबोरी नाही, खेकडा

शाळा चांगली की वाईट हे ठरवायला डोकं लागत नाही, हे मला मुलगी शाळेत जायला लागल्यावर कळलं. कारण ज्याला त्याला ते ठरवता येत होतं. माझ्या नवऱ्याला शाळा बसवरून कळायची. दारात पिवळी बस येते ती चांगली शाळा, पोर चालत जाते ती वाईट. सासूला खिचडीवरून कळायची. डाळ पातळ असली की मास्तर चोर, विषय संपला. आणि ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसते ती, नवीन पनवेलला फ्लॅट घेतल्यापासून जिला जगातल्या सगळ्याच विषयांतलं कळायला लागलंय, तिनं तर शाळा न बघताच निकाल दिला. "अगं, झेडपीची? सिरियसली? मुलीच्या फ्यूचरचा विचार कर जरा." मी म्हटलं, केला की. तुझ्या मुलाकडे बघूनच केला. तिच्या मुलाला पाणी हवं असलं तरी तो आधी आईच्या तोंडाकडे बघतो, कुठल्या भाषेत मागू म्हणून.

आमचं गाव पनवेलपासून रिक्षानं जाण्याइतकं लांब, खाडीला लागून. गावाच्या तोंडाशीच न्हावा शेव्याला जाणारा रस्ता आहे आणि त्यावर ट्रेलरची रांग कधी तुटत नाही. नवरा त्यातलाच एक ट्रेलर चालवतो, मी कंटेनर यार्डच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर नोंदी करते, आणि सासू पाटी घेऊन पनवेलच्या मच्छी मार्केटात बसते. ऑफिसात मी 'आम्ही', 'नाही', 'आहे' असं झकास बोलते. घरी आले की चप्पल काढावी तसं ते दाराबाहेर काढते. मुलगी गावातल्याच शाळेत दुसरीला होती. मीही त्याच शाळेत शिकले आणि मला काही शिंगं फुटली नाहीत की शेपूट आलं नाही.

माझं म्हणणं एवढंच होतं की पोरगी ज्या भाषेत भांडते त्या भाषेत तिनं आधी शिकावं. शिवाय ती शाळेत पळत जायची. खरंच पळत, एक चप्पल पायात, एक हातात. पण असलं कारण आजकाल कुणाला सांगायची सोय आहे का? नवरा बंदरात साहेब लोकांना इंग्रजी बोलताना ऐकून आला की घरी येऊन माझ्यावर घसरायचा. "आपली पोर काय आयुष्यभर हाय-नाय करत बसनार हाय का? तुला काय कलत नाय!" स्वतःच्या एका वाक्यात दोनदा हाय-नाय करून हे मलाच विचारायचा.

शेवटी त्यानं अट घातली. शाळेची तपासणी होणार होती. वरून साहेब येणार, शाळा बघणार, पोरांना प्रश्न विचारणार आणि शाळेला श्रेणी देणार. नवरा म्हणाला, "सायबांनी चांगली म्हटली तर ऱ्हाऊ दे तितंच. मी परत शब्द काढनार नाय. नायतर जूनपासनं पनवेलची इंग्लिश शाला." मी म्हटलं, चालेल. माझी पोर कुठं शिकणार हे आता एक अनोळखी माणूस अर्ध्या दिवसात ठरवणार होता.

तपासणीची बातमी लागली आणि शाळेला जी काही लगीनघाई सुटली, विचारू नका. आधी पेंटर आला. भिंती बोलक्या करायच्या, असा साहेबांचा शब्द आहे म्हणे. मग व्हरांड्यावर आगगाडी काढली. ही आगगाडी मी जाईन त्या सरकारी शाळेच्या भिंतीवर बघितली आहे. ती कुठून निघते आणि कुठं जाते, पेंटरलाच माहीत. मग हात धुवायला नळांची नवीकोरी ओळ आली. नळ चकाचक, टाकी कोरडी ठणठणीत. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी टाकी भरायला आम्हा आयांना कळशा घेऊन बोलावलं होतं. बागेचेही गुण असतात असं कळल्यावर नेऱ्याकडच्या कुणाच्या तरी फार्महाउसवरून कुंड्या आणल्या. टेम्पोतून उतरवताना एकीचं फूल मोडलं तर ते काडीला दोऱ्यानं बांधून उभं केलं. मी बघत उभी होते. हसावं की कपाळ बडवावं तेच कळेना.

भिंती झाल्या, नळ झाले, फुलं झाली, आणि मग बाईंचं लक्ष पोरांच्या तोंडाकडे गेलं. बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. घाटावरच्या, स्वभावानं वाईट नाहीत, आमच्या पोरांची नाकं स्वतःच्या रुमालानं पुसलेली बाई आहे ती. पण साहेब म्हटलं की त्यांचे हातपाय गळतात. त्यांनी पोरांची तालीम सुरू केली. साहेब चित्र दाखवणार, पोरानं नाव सांगायचं. मी त्या दिवशी कुंड्या लावायला गेले होते म्हणून दारातून सगळं बघायला मिळालं.

ससा झाला, कमळ झालं. बाईंनी पुढचं चित्र वर धरलं आणि माझ्या पोरीचा हात सगळ्यांच्या आधी वर.

"चिंबोरी!"

"खेकडा म्हणायचं, बाळा."

"खेकडा नाय ओ बाई, चिंबोरी हाय. माजी आजी इकते."

"तेच ते. पण पुस्तकात खेकडा म्हणतात. म्हण बघू, हा खेकडा आहे."

पोरगी उठून चित्रापाशी गेली, मान वाकडी करून तिनं ते नीट बघितलं आणि म्हणाली, "पोकल दिसते, आत मास नाय. घ्यायची नाय." वर्गातली पोरं खो खो हसली. मीही दारात तोंडाला पदर लावून हसले. मला वाटलं, वा गं माझी वाघीण! बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा चिंबोरी. तिसऱ्यांदा विचारलं, तर ही शहाणी म्हणाली, "बाई, तुमाला म्हाईत नाय का?" बाईंनी चित्र खाली ठेवलं आणि त्या माझ्याकडे बघून कसंनुसं हसल्या. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

तपासणीच्या दिवशी मी पोरीच्या दोन वेण्या घालून, रिबिनी बांधून तिला पाठवली आणि कामाला गेले. संध्याकाळी गावात दुसरा विषय नव्हता. साहेब आले, गॉगल न काढता आगगाडी बघितली, नळांचे फोटो काढले, दोऱ्यानं बांधलेल्या फुलाला 'छान' म्हणाले. पोरांनी प्रश्नांची फटाफट उत्तरं दिली. मग सरपंचांच्या घरी जेवण झालं. तांदळाची भाकरी आणि चिंबोरीचा रस्सा. साहेबांनी दोनदा मागून घेतला म्हणे. तिथं कुणी खेकडा खेकडा केलं नाही.

नवऱ्यानं पोरीला विचारलं, "सायबानं तुला काय इचारलं गो?" तर ती म्हणाली, "काय नाय," आणि खेळायला पळाली. मी म्हटलं, दमली असेल.

पुढं निकाल आला. आजूबाजूच्या शाळांत आमची शाळा पहिली! फाटकावर फलक लागला, सरपंचांनी पेढे वाटले, आणि आपण जन्मभर पाटी-पेन्सिल घेऊन बसल्यासारखी सगळी मंडळी एकमेकांची पाठ थोपटायला लागली. मी ऑफिसातही पेढा नेला आणि शेजारणीच्या टेबलावर असा काही ठेवला की तिला समजावं. संध्याकाळी नवरा म्हणाला, "जिंकलीस बाय तू. ऱ्हाऊ दे पोरगी तितंच." माझ्या जिवावरचं ओझं उतरलं. मी पोरीला मांडीवर ओढली आणि म्हटलं, बघ, तुझी शाळा पहिली आली.

"आमच्यामुलं आली," ती म्हणाली.

"तुमच्यामुलं म्हंजे?"

तिनं आधी बापाकडे बघितलं, मग माझ्या कानाशी तोंड आणलं. गुपित होतं ते, आणि इतके दिवस पोटात ठेवून बिचारीचं पोट दुखायची वेळ आली होती. तपासणीच्या दिवशी तिला आणि तिच्यासारख्या गावातल्या सगळ्या पोरांना सकाळीच रांग करून देवळात नेलं होतं. साहेबांची गाडी जाईस्तोवर ती तिथंच बसून होती. बाहेर यायचं नाही, आवाज करायचा नाही, घरी सांगायचं नाही. वर्गात बसवली होती ती गावात भाड्यानं राहायला आलेल्यांची पोरं, जी 'नाही' म्हणतात, 'आहे' म्हणतात आणि खेकड्याला खेकडा म्हणतात.

"आमी एकदम गप बसलो ना, म्हनून पयला नंबर आला," ती म्हणाली. "बाईंनी आमच्यासाटी टाल्या वाजवल्या. मी सगल्यात गप बसलेली."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. इतकी आनंदात सांगत होती ती! नवरा उठून बाहेर गेला. मला पेढ्याची शिसारी आली. ज्या पेढ्यासाठी मी ऑफिसात मिरवले तो माझ्या पोरीचं तोंड बंद करून मिळाला होता.

सकाळी मी कामाला दांडी मारली आणि पोरीचा हात धरून शाळेत गेले. तिला वर्गात पाठवलं आणि बाईंच्या खोलीत शिरले. बसा म्हणाल्या, मी बसले नाही.

"बाई, माझी पोर देवळात का बसवलीत?"

त्यांचा चेहरा उतरला. कबूल करायला त्यांनी वेळ लावला नाही, एवढं म्हणते. "अहो ताई, मी काय माझ्यासाठी केलं का? आपला पट बघा किती कमी. त्यात श्रेणी घसरली तर ही शाळा पलीकडच्या शाळेत मिळवून टाकतील. मग एवढी एवढी पोरं त्या ट्रेलरमधून रस्ता ओलांडणार. चालेल तुम्हाला? साहेबांना हे बोलणं अशुद्ध वाटतं. मी तिला किती समजावलं ते तुम्ही बघितलंत ना!"

यातला शब्दही खोटा नव्हता, आणि म्हणून तर माझा जास्तच संताप झाला. खोटं असतं तर तोंडावर फेकून मोकळी झाले असते. "साहेबांनी मग तपासलं काय?" मी म्हटलं. "उसन्या कुंड्या आणि कोरड्या टाकीचे नळ? गावची जागा, गावची शाळा, आणि गावची पोरं देवळात कोंडलेली. भिंती बोलक्या करायला पेंटर आणलात, आणि बोलणाऱ्या पोरी मुक्या करून ठेवल्यात! कसली डोंबलाची पहिली आली तुमची शाळा?"

"ताई, हळू बोला, वर्ग चालू आहे."

"आता मलाही देवळात बसवता का?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला दया आली नाही, खोटं कशाला बोलू. मला तेव्हा सगळ्यांचाच राग आला होता. बाईंचा, त्या गॉगलवाल्याचा, पिवळ्या बसचा, आणि पनवेलच्या त्या इंग्लिश शाळेचासुद्धा, जिथं माझी पोर तोंड उघडायच्या आधीच चुकीची ठरणार होती. पण निदान तिथं मला कुणी पेढा दिला नसता. मी टेबलावर हात आपटला. "माझ्या पोरीचा दाखला काढून द्या. आत्ताच्या आत्ता. नाव कमी करा तिचं."

मागं काहीतरी हललं म्हणून वळले, तर दारात पोरगी उभी. माझा आवाज ऐकून वर्गातून उठून आली होती. दाखला म्हणजे काय हे तिला माहीत होतं. दाखला दिलेली पोरं परत येत नाहीत. ती धावत आली आणि तिनं माझी ओढणी दोन्ही मुठींत धरली.

"आई, नको गो! मी कुटं कोनाला सांगितलं? काल तेवडं चुकून बोलले. आता नाय बोलनार. खरंच नाय बोलनार, कोनाशीच नाय."

मी तिला जवळ घ्यायला वाकले, तर ती एक पाऊल मागं सरकली, ताठ उभी राहिली, आणि हाताची घडी घालून तिनं तोंडावर बोट ठेवलं.