नॉर्मल रिपोर्टचं दुःख

"सांगा, स्पष्ट सांगा. मी मन घट्ट करून आलोय."

तपासणी झाली की दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, पाठ ताठ करून ते असं म्हणायचे. मी मशीनवरून कागद काढायचे आणि मला जे स्पष्ट सांगायचं असे ते दरवेळी एकच असे. "काका, सगळं नॉर्मल आहे."

यावर त्यांचा चेहरा पडायचा. "नॉर्मल म्हणजे अजून सापडलेलं नाही, एवढंच ना?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण आजारासाठी इतक्या निष्ठेने झुरणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी डोंबिवलीत छातीच्या एका डॉक्टरांकडे टेक्निशियन होते. माझं काम म्हणजे लोकांना फुंकायला लावणं. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी. छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका दमात, अगदी तळापर्यंत बाहेर सोडायचा. मशीनचा पेन कागदावर रेघ काढतो. छातीत किती हवा मावते आणि ती किती झटकन बाहेर पडते, ते त्या रेघेवरून कळतं. चांगल्या छातीची रेघ सुरुवातीलाच सरळ वर चढते. श्वासनळ्या अरुंद झाल्या असतील तर ती बिचारी कण्हत कण्हत चढते.

काकांची रेघ पुस्तकात छापावी अशी यायची. हेच त्यांचं दुःख.

ते कोलशेतच्या एका कारखान्यात, स्टोअरच्या ऑफिसात होते. शेजारच्या टेबलावरचा त्यांचा जिवलग मित्र फुप्फुसाच्या आजाराने गेला, आणि आता नंबर आपला हे काकांनी ठरवूनच टाकलं. भीती खरी होती, म्हणून डॉक्टरही त्यांच्यावर कधी चिडले नाहीत. फक्त त्यांना लवकर आत बोलवा, एवढं मला बजावून ठेवलं होतं. कारण बाहेर बसले की काका वर्ग घ्यायचे. "एक्स-रेमध्ये पांढरं दिसलं की समजायचं," असं त्यांनी एकदा शेजारच्या माणसाला सांगितलं. समजायचं काय, ते सांगितलंच नाही. तो माणूस लघवीला जाऊन येतो म्हणाला तो परत आलाच नाही.

एक दिवस त्यांनी दुर्बिणीची तपासणी मागितली. नाकातून बारीक नळी घालून श्वासनळ्या आतून बघायच्या, ती. सिनेमाचं तिकीट मागावं तशी मागितली.

डॉक्टर म्हणाले, "अहो, नळी घालायला काहीतरी कारण लागतं."

"कारण मी आहे ना!"

या सगळ्या वाऱ्यांना काकू बरोबर असायच्या. जुन्या एक्स-रेंचं ते मोठं खाकी पाकीट मांडीवर घेऊन खिडकीजवळच्या बाकावर बसायच्या. आमचा दवाखाना पहिल्या मजल्यावर. काका तरातरा वर यायचे. काकू जिन्याच्या वळणावर थांबून समोरच्या साड्यांच्या दुकानाकडे बघत राहायच्या. काका वरून ओरडायचे, "अगं चल ना! किती रेंगाळतेस! साड्या काय पळून जातायत?" काकू हसायच्या, पदर तोंडाला लावून खोकायच्या आणि पुढच्या पायऱ्या चढायच्या. मला वाटायचं, असते बाईमाणसाला साड्यांची आवड.

मग एका दुपारी काका आत बसून डाव्या बरगडीखालच्या एका नव्या संशयाबद्दल बोलत होते आणि बाहेर खोकला थांबतच नव्हता. डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं.

"कोण खोकतंय ते?"

"ती आमची मंडळी. तिचं नेहमीचंच आहे. थंडीपासूनचं."

"कुठल्या थंडीपासून?"

काकांनी प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "लग्नाच्या वर्षीच्या असेल."

डॉक्टरांनी काकूंना आत बोलावलं, छाती तपासली आणि मला म्हणाले, "यांची फुंकायची तपासणी करा."

काकू लाजून लाल. परपुरुषासमोर तोंडात नळी धरून फुंकायचं म्हणजे काय! त्यांच्या नाकातल्या चमकीला धक्का न लावता मी चिमटा बसवला. काका शेजारी उभे राहून मास्तर झाले. "ओठ घट्ट मिट! छाती भरून घे! आता सोड, सोड, सोड, अजून!" काकूंनी फुंकलं. पेन जरासा हलला आणि तिरका, थकल्यासारखा वर सरकू लागला.

"अगं जोरात! माझ्यासारखं!"

त्यांनी पुन्हा फुंकलं. पुन्हा तशीच रेघ. नंतर त्यांना टेबलाचा आधार घेऊन बसावं लागलं; ओठ निळसर दिसत होते.

काका म्हणाले, "मशीन बिघडलंय."

कुणी काही बोलायच्या आत त्यांनी नवी नळी घेतली, चिमटा स्वतःच नाकाला लावला आणि फुंकले. पेन सरळ वर गेला. मशीन उत्तम चाललं होतं. एकाच कागदावर दोघांच्या रेघा होत्या. ते खाली वाकून त्यांच्याकडे बघत राहिले. चिमटा काढायचंही त्यांना सुचलं नाही.

डॉक्टरांनी काकूंना औषध ओढायला दिलं आणि थोड्या वेळाने पुन्हा फुंकायला लावलं. दमा असेल तर अशा औषधाने रेघ बरीच सुधारते. काकूंची जेमतेम सुधारली. नळ्या कायमच्या आकसल्या होत्या.

डॉक्टरांनी विचारलं, "विडी, तंबाखू?"

"छे हो!" काकू म्हणाल्या.

"स्वयंपाक कशावर करता?"

"गावी चूल होती. माहेरी पण चूलच. इथे कोपरला आल्यावर रॉकेलचा स्टोव्ह. गॅसला नंबर लावलाय."

"धूर बाहेर जातो का? खिडकी आहे?"

"आहे ना. पण बंद ठेवते. बाहेर कारखान्यांचा वास असतो ना, यांच्या छातीला बरा नाही."

बाईंच्या आवाजात तक्रार नव्हती. कांदे कुठे ठेवता विचारलं असतं तरी त्यांनी याच सुरात सांगितलं असतं. काका मात्र एकदम खुर्चीत बसले. त्या दिवशी ते मन घट्ट करून आले नव्हते.

पुढचं मला काकूंकडूनच कळलं. घरी जाऊन काकांनी स्वयंपाकघराच्या खिडकीची दारंच उचकटून काढली. बंद करायचा प्रश्नच नको! "आता पावसात पिठाचा डबा भिजतो, कावळा पोळी नेतो, आणि हे म्हणतात हवा खेळती पाहिजे," काकू खोकत खोकत हसत होत्या. गॅससाठी काकांनी एजन्सीवाल्याच्या ऑफिसात इतके हेलपाटे घातले की, काकू म्हणाल्या, वैतागून त्याने एकदाचा दिला.

औषध ओढायचा पंप तेव्हा नवा होता. पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवट, असं चारचौघं म्हणायचे. काकांनी या चारचौघांशी उभा दावा मांडला. आमच्या बाकावर बसून ते आता लोकांना शिकवायचे. "आधी पूर्ण श्वास सोडा. मग पंप दाबताना सावकाश ओढा आणि थोडं रोखून धरा. घशात उडवून काय उपयोग? औषध छातीत जायला पाहिजे!" आणि गंमत म्हणजे, आता ते बरोबर सांगायचे. पाकीटही आता त्यांच्या काखेत असे. त्यात काकूंचे एक्स-रे होते. जिन्यावर ते काकूंच्या एक पायरी मागून चढायचे आणि वळणावर त्यांच्याआधी आपणच थांबायचे.

एका पावसाळ्यात काकूंना न्यूमोनिया झाला. फुप्फुसाभोवती पाणी साठलं. ठाण्याच्या एका हॉस्पिटलात पाठीतून सुई घालून ते काढायचं ठरलं. मी भेटायला गेले तेव्हा काका बाजूच्या खाटेवर आडवे. सगळ्या तपासण्यांचा हा एवढा जाणकार, सुई बघूनच कोसळला होता. काकू म्हणाल्या, "मला हलायचं नाही म्हणून सांगितलेलं. पाठीत सुई, आणि मी आपली ओरडतेय, अहो कुणीतरी यांना बघा!"

"मी पडलो नव्हतो, बसलो होतो," काका क्षीण आवाजात म्हणाले.

"जमिनीवर?"

काकू त्यातून उठल्या. रेघ फारशी वर गेली नाही, पण खालीही घसरली नाही. अशा आजारात हेच मोठं यश, असं डॉक्टर म्हणायचे. एकदा त्यांनी काकांना चिडवलं, "तुमची तपासणी बऱ्याच दिवसांत झाली नाही. करायची का?"

"मला काय धाड भरलीय?" काका म्हणाले.

नव्वदचं दशक अर्धं सरलं असेल. एका सकाळी काकू एकट्याच आल्या. गळ्यात काही नव्हतं. मी खुर्ची पुढे केली. दम नीट होईपर्यंत त्या टेबलाला धरून बसल्या.

"हार्ट," त्या म्हणाल्या. "गेल्या महिन्यात सकाळी चहा घेताना म्हणाले, छातीत भरल्यासारखं वाटतंय. मी म्हटलं, चला, आत्ताच डॉक्टरांकडे जाऊ. तर म्हणाले, तुझी तारीख परवा आहेच, तेव्हा जाताजाता दाखवू. एका कामासाठी तुला दोनदा जिना कशाला?"

"काकू, आज तपासणी राहू दे. पुढच्या आठवड्यात करू."

"नको. करून टाका."

त्यांनी चिमटा स्वतःच लावला, छाती भरून घेतली आणि फुंकायला सुरुवात केली. खोलीत पेनची खरखर तेवढी ऐकू येत होती. "अजून, अजून" म्हणायचं काम माझं होतं. मी नुसती पेनकडे बघत होते. काकू कुणी न सांगता, अगदी तळापर्यंत फुंकत राहिल्या.