फोटोवरची निळी टेप

गेल्या काही आठवड्यांत वायरमनने घरातल्या एकाही वस्तूला सुखाने जगू दिलं नव्हतं. खुर्चीला लाल टेप, टेबलाला लाल, कपाटाला निळी, आरशाला निळी, दाराला लाल, घड्याळाला निळी. नवख्या माणसाला वाटावं, या घरावर जप्ती आली आहे. प्रत्यक्षात इथे स्पॅनिश शिकणं चाललं होतं.

कारण सून. मुलगा समुद्रापलीकडे नोकरीला गेला आणि तिथलीच मुलगी पसंत करून बसला. सुनेबद्दल तक्रार नव्हती. पण तिची आई, म्हणजे विहीणबाई, स्पॅनिशशिवाय अक्षर बोलत नसत. दर रविवारी फोनवर दोघी विहिणी एकमेकींकडे बघत नुसत्या माना डोलवत. आता विहीणबाई महिनाभर राहायला येणार होत्या, आणि वायरमनच्या बायकोने एकच गोष्ट मनात धरली होती. मध्ये दुभाष्या नको. आपल्या तोंडाने बोलायचं.

"तुम्ही बापलेक मध्ये पडलात की आमचं बोलणं तुमचंच होऊन जातं," ती म्हणाली होती.

वर्ग शनिवारी, वाचनालयाच्या वरच्या खोलीत. तिची शिवणाची गिऱ्हाइकंही नेमकी शनिवारीच येत. म्हणून वर्गाला जाई वायरमन आणि घरी येऊन तिला शिकवी. शिकवणं थोडं, मास्तरकी फार.

"शेवटी 'ओ' आला की तो, 'आ' आला की ती. तो निळा, ती लाल. संपलं व्याकरण," त्याने पहिल्याच दिवशी जाहीर केलं.

"आणि ते? टेबल ते, घर ते. त्यांचं काय?"

"ते त्यांच्यात नाहीच. सगळी वाटणी दोघांत."

"मग घर कोणाच्या वाट्याला गेलं?"

"ती. कासा."

"एवढं तरी कळतं त्यांना," असं म्हणून ती सुईत दोरा ओवू लागली.

टेपची युक्ती गिरणीतली. कागदाच्या गिरणीत तेहतीस वर्षं त्याने वायरींच्या टोकांना रंगीत टेपा लावल्या, पुढच्याने डोळे झाकून हात घालावा म्हणून. "वही खोटं बोलेल, टेप बोलणार नाही," हे त्याचं घरीदारी ऐकवायचं वाक्य. गिरणीत आणखी एक रीत होती. उलटी टेप सापडली की आधी फ्यूज काढून खिशात घालायचा. मग त्या जागी पिवळी टेप गुंडाळून तिच्यावर चुकलेल्याचं नाव लिहायचं आणि पाळी संपेपर्यंत ते सगळ्यांना दिसू द्यायचं. एकदा त्याच्या जोडीदाराने स्वतःची उलटी टेप कळूनही झाकून ठेवली. वायरमन त्याच्याशी वर्षभर बोलला नव्हता. असा हा कडक माणूस!

सहाव्या शनिवारी वर्गात शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर नियम मोडणारे शब्द लिहिले. सोफा, शेवटी 'आ', तरी तो. छत्रीसुद्धा तो. आणि फोटो, शेवटी 'ओ', तरी ती. वायरमनने वहीत खाडाखोड केली. त्याचे कान तापले. घरी या तिन्हींवर त्याने उलट्या टेपा लावल्या होत्या, आणि मुलाच्या लग्नाच्या फोटोवर तर चांगली ठसठशीत निळी.

तो घरी आला तेव्हा बायको त्या फोटोसमोर उभी राहून घोकत होती. "एल फोतो एस बोनितो. फोटो सुंदर आहे. बरोबर ना हो? उद्या विहीणबाईंना म्हणणार आहे."

पन्नाशी उलटलेल्या बाईचा चेहरा शाळकरी मुलीसारखा उजळला होता. आता खरं सांगावं तर सहा आठवड्यांची मास्तरकी पाण्यात. वायरमन म्हणाला, "फक्कड!" वही ओट्यावर टाकली आणि हातपाय धुवायला गेला. टेप सोमवारी बदलू, असं त्याने स्वतःला बजावलं.

रविवारी तिने फोटो भिंतीवरून उतरवला, फोनसमोर धरला आणि वाक्य म्हटलं. विहीणबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि मग मायेने म्हणाल्या, "ला फोतो." एवढंच. त्यात टोमणा नव्हता. पण मुलाने बापाकडे पाहिलं, कारण वर्गाला जाणारा तो. आणि बापाने आधीच हसून घेतलं, मोठ्याने.

"किती वेळा सांगितलं हिला! डोक्यात शिरतच नाही."

बायकोने निळ्या टेपकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. फोटो परत खिळ्याला अडकवला.

पुढचे दोन रविवार फोनच्या वेळी तिला बरोबर शिवणयंत्रावर काम निघालं. "मला नाही जमायचं ते," ती म्हणाली. "विहीणबाई आल्या की तुम्हीच बोला, आणि मला सांगा काय म्हणतात ते."

भांडली असती तर परवडलं असतं. ती वेळेवर ताट वाढत होती, आणि तो अर्धं ताट तसंच सोडून उठत होता. त्याला जोडीदार आठवे. त्या बिचाऱ्याने नुसती चूक झाकली होती. आपण चूक झाकली, दुसऱ्याला झटका बसू दिला आणि वर दात काढले. त्याला स्वतःची लाज वाटत होती, आणि घरभर चिकटलेले ते रंग त्याला उठता-बसता खात होते.

तिसऱ्या रविवारी त्याने पिवळी टेप काढली. सोफ्याला लावली, छत्रीला लावली, फोटोला लावली, आणि प्रत्येकीवर गिरणीच्या रितीने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. मग मुलाला फोन लावला आणि शिवणयंत्राचा फ्यूज काढून खिशात टाकला.

"वीज गेली का हो?" बायको बाहेर आली.

फोनवर मुलगा, सून, विहीणबाई, तिघंही दिसत होती. वायरमनने आठवडाभर घोकलेलं वाक्य म्हटलं, "एल एर्रोर एस मीओ." चूक माझी आहे. त्यापुढचं स्पॅनिश त्याला येत नव्हतं. तो मुलाला म्हणाला, "तुझ्या सासूबाईंना सांग. त्या दिवशी तुझी आई चुकली नव्हती. टेप मी उलटी लावली होती. आदल्या दिवशी मला वर्गात कळलं होतं, तरी गप्प बसलो. आणि वर हिलाच हसलो. जसंच्या तसं सांग, काही गाळू नकोस."

मुलाने सांगितलं. विहीणबाईंनी या वेळी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"मला ठाऊक होतं," बायको म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"त्या शनिवारी वही ओट्यावर पडली होती. त्यात फोटोपुढचा 'तो' खोडून 'ती' केलं होतंत. मी वाचलं."

"मग तरी तू तसंच म्हणालीस?"

"टेप निळीच होती ना. म्हटलं, चुकलं असतं तर यांनी आल्याआल्या आधी टेप बदलली असती. म्हणून वहीलाच खोटं धरलं."

वायरमनला तोंड वर करून बघवेना. तेहतीस वर्षांत कोणी त्याला एवढं मोठं प्रशस्तिपत्र दिलं नव्हतं, आणि ते घ्यायला त्याचे हात धजावत नव्हते.

"जरा सरका बाजूला," ती म्हणाली. खुर्ची ओढून फोनसमोर बसली, फोटो मांडीवर घेतला, पिवळ्या टेपला हातही लावला नाही. "ला फोतो एस बोनिता," ती विहीणबाईंना म्हणाली, आणि बरोबर आहे का, हे विहीणबाईंच्याच चेहऱ्यावर बघू लागली. वायरमन खिशातला फ्यूज चाचपत मागे उभा होता. या वेळी तिने त्याला "बरोबर ना हो?" असं विचारलं नाही.